उपयोगी माणूस

तिसऱ्या भेटीत त्याने माझ्या खोलीचं दार दुरुस्त केलं. बिजागरी करकरत होती. बोलता बोलता तो उठला, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दोन मिनिटांत आवाज बंद. मी ‘अहो, राहू द्या’ म्हणाले खरी, पण मनातून मला बरंच वाटलं होतं. ही माझी पहिली चूक. ती चूक आहे हे कळायला मला सात महिने लागले.

(मी समुपदेशन करते. समोर बसल्यावर मी त्यांना अहो-जाहो करते. इथे ‘तो’ लिहिते आहे, कारण प्रकरणातला अर्धा भाग नऊ वर्षांच्या मुलाचा आहे आणि त्याला अहो म्हणता येत नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 43. एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख. आधीचं नऊ वर्षांचं लग्न मोडलेलं, दुसऱ्या लग्नाला तीन वर्षं झालेली. तक्रार दोन ओळींत मावणारी होती: झोप लागत नाही, आणि ‘बायकोला मी नकोसा झालोय.’ नकोसा म्हणजे काय, असं विचारल्यावर त्याने पुरावा दिला. ती म्हणाली होती, ‘मला तू हवा आहेस, तुझी कामं नकोत.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्याच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. कामं नकोत म्हणजे मी नको, एवढंच त्याने घरी नेलं आणि रात्रभर उशाशी ठेवलं.

पहिल्या भेटीत मी त्याच्याकडून रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मापिका भरून घेतली. मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1965 मध्ये मांडलेली ही दहा विधानांची साधी प्रश्नावली. प्रत्येक विधानाशी किती सहमत ते सांगायचं, गुण 0 ते 30. त्याला 21 मिळाले. चांगले गुण. त्यातलं एक विधान साधारण असं आहे: कधीकधी मी अगदी निरुपयोगी आहे असं मला वाटतं. त्यावर त्याने ‘अजिबात नाही’वर इतक्या जोरात खूण केली होती की ती मागच्या पानावर उमटली. मी ते पाहिलं आणि पुढे गेले. तिथे थांबायला हवं होतं.

घर

अशा प्रकरणात आपण नकळत एखादा खलनायक शोधतो. मीही शोधला. मिळाला नाही. घर प्रेमळ होतं. तो नऊ वर्षांचा असताना वडील दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले, आई नोकरी करत होती, थोरला भाऊ अभ्यासात हुशार म्हणून त्याला कामातून मोकळीक. उरला हा. औषधं आणणं, दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं, रात्री वडिलांची कूस बदलायला आईला हात देणं. आल्यागेल्यासमोर आई म्हणायची, ‘हा होता म्हणून निभावलं.’ ते खरं होतं, आणि ती ते मायेनेच म्हणायची.

अकरा वर्षांचा असताना त्याला एकदा सडकून ताप आला. शेजारच्या खोलीतून कुणाचा तरी आवाज आला: ‘आता औषधं कोण आणणार?’ कोण बोललं ते त्याला आठवत नाही. ते वाक्य वडिलांच्या औषधांबद्दल होतं आणि काळजीतून आलं होतं, हेही त्याला मोठेपणी कळतं. पण त्या दिवशी तो उठून चप्पल शोधायला लागला.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1959 च्या आपल्या सिद्धांतमांडणीत अशा वाढीचं वर्णन केलं आहे. मुलाला आपुलकी मिळते, पण काही अटी पाळल्यावर. पुढे त्या अटी घालायला बाहेरच्या कुणाची गरज उरत नाही, मूल स्वतःच त्या स्वतःला घालतं. या मुलाची अट एकच होती: कामाला ये. आणि तो कामाला आला, चौतीस वर्षं. म्हणून गुण 21. जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी 2001 मध्ये मांडलेला मुद्दा मला इथे फार कामाचा वाटतो. आत्मसन्मान किती उंच आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे हे पाहा, असं त्या सांगतात. याची इमारत उंच होती आणि एका खांबावर उभी होती.

फिटंफाट

पहिले काही महिने मी त्याला एक नोंद ठेवायला सांगितली. तुम्ही काहीही न करता बायकोकडून तुम्हाला काही मिळालं, असे क्षण लिहून आणा. त्याने तक्ता आणला. दोन रकाने: ‘मिळालं’ आणि ‘दिलं’. मी दुसरा रकाना सांगितलाच नव्हता. मंगळवारी रात्री तो कोचावर झोपला असताना तिने अंगावर पांघरूण घातलं; बुधवारी पहाटे त्याने कपाटाची निखळलेली फळी बसवली. रविवारी तिने त्याच्या दुखऱ्या पाठीला मलम लावलं. सोमवारी तिच्या गाडीची चाकं तपासून हवा भरून झाली. एकही उधारी चोवीस तासांहून जास्त टिकत नव्हती. ‘फिटंफाट झाली की झोप लागते,’ तो म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मराठीत ‘लाड करून घेणं’ असा एक छान प्रयोग आहे. लाड करणारा एक, पण करून घेणाऱ्यालाही तिथे क्रिया आहे, थोडं कसब आहे. प्रेमही करून घ्यावं लागतं. याला ते येत नव्हतं. माया दारात आली की तो पावती फाडायला धावत होता.

त्याचं पहिलं लग्न इथे समजतं. ती बाई त्याला म्हणायची, ‘तुझ्याकडून एवढंही होत नाही?’ हे तो मला सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ओळखीच्या गल्लीबद्दल बोलावं तसा आवाज होता. 1992 मध्ये विल्यम स्वान आणि सहकाऱ्यांनी विवाहित लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःबद्दल वाईट मत असलेली माणसं, आपल्याला चांगलं समजणाऱ्या जोडीदारापेक्षा वाईट समजणाऱ्या जोडीदाराशी जास्त बांधलेली आढळली. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्याबद्दलचं जुनं मत हा आपला नकाशा असतो. तो चुकीचा असला तरी त्यावर रस्ते तरी सापडतात. पहिल्या बायकोच्या घरात त्याला रस्ते माहीत होते. दुसरी त्याला विनाकारण जवळ घेत होती आणि तो भर दुपारी हरवल्यासारखा फिरत होता.

आरशासमोर उभं राहून ‘मी प्रेम करण्याजोगा आहे’ असं म्हणायला मी त्याला सांगितलं नाही. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 मधल्या प्रयोगांत नेमकं असंच वाक्य स्वतःशी म्हणायला लावल्यावर, स्वतःबद्दल कमी मत असलेल्यांना उलट आणखी वाईट वाटलं होतं. त्याऐवजी डेनिस मॅरिगोल्ड, जॉन होम्स आणि मायकल रॉस यांनी 2007 मध्ये तपासलेली एक पद्धत वापरली. जोडीदाराने केलेलं एखादं कौतुक आठवायचं. पण ते कुठे आणि कधी झालं यात न अडकता, तिला असं का वाटलं असेल, त्याचा तुमच्यासाठी आणि तुमच्या नात्यासाठी काय अर्थ होतो, हे सांगायचं.

खूप वेळ विचार करून त्याने एक वाक्य काढलं. ती एकदा म्हणाली होती, ‘तुझ्या शेजारी बसलं की माझी घाई थांबते.’

‘हे तक्त्यात नाही,’ मी म्हणाले.

‘नाही. कारण मी काही केलंच नव्हतं. नुसता बसलो होतो.’

हे वाक्य खोलीत बराच वेळ राहिलं. मला वाटलं, उघडलं कुलूप. पुढच्या भेटीला तो उत्साहात आला: आता तो रोज रात्री साडेआठ ते नऊ तिच्या शेजारी बसतो. मोबाइलमध्ये गजर लावलाय. बायकोची घाई थांबवण्याचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. मी हसले, मग तोही हसला, पण त्याला विनोद पूर्ण कळला असं वाटलं नाही.

सहा आठवडे

आमच्या दहाव्या भेटीआधी तो शिडीवरून पडला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. उजव्या हाताचा माणूस.

पहिल्या आठवड्यात तो नुसता चिडलेला होता. दुसऱ्यात बायकोला टोमणे सुरू झाले: ‘आता कळेल तुला.’ काय कळेल ते तो सांगत नव्हता. तिच्या हातून औषध घ्यायचं नाही, बाटलीचं झाकण दातांनी उघडायचं, बुटांच्या नाड्या न बांधता चालायचं. बटणं लावायला लागू नयेत म्हणून तो रोज डोक्यातून घालायचे बनियनवजा सदरे वापरत होता. वरून पाहणाऱ्याला हा स्वाभिमान वाटेल. मला ती परीक्षा वाटली, त्याने तिची घेतलेली: मी कामाचा नाही, वर त्रासदायकही आहे, आता तरी खरं बोल.

ती काही संत नव्हती. चौथ्या आठवड्यात थकली.

त्या आठवड्यातल्या एका रात्री, एकच्या सुमाराला, न्हाणीघरातल्या गळक्या नळाचा वॉशर बदलायला तो उठला. डाव्या हाताने पाना धरून. मुख्य झडप नीट बंद झाली नव्हती. नळाचं डोकं निघालं आणि पाणी छतापर्यंत उडालं. ती आवाजाने उठली, धावत जाऊन झडप आवळली. दोघंही भिजलेली, जमिनीवर घोटाभर पाणी, प्लास्टर भिजू नये म्हणून त्याचा हात शाळेतल्या मुलासारखा वर. त्याने ‘सॉरी, सॉरी’ सुरू केलं. ती म्हणाली:

‘थांब. हे तू माझ्यासाठी करत नाहीस. माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंस. माझं काही देणं अंगावर राहू नये म्हणून करतोस. तीन वर्षं मी काहीही दिलं की तू ते दुसऱ्या दिवशी परत करतोस. मला राग येतो त्याचा.’

मग ‘उद्या प्लंबरला बोलावू, झोप आता’ म्हणाली आणि स्वतः जाऊन झोपली.

तो जागा राहिला. काय होणार याची वाट पाहत. त्याच्या माहितीतला क्रम असा होता: राग, मग अबोला, मग आपण काहीतरी मोठं काम करायचं, मग अबोला सुटतो. पण करायला हातच नव्हता.

सकाळी मनगट दाखवायला जायचं होतं. बनियनं सगळी ओली. कपाटातला अर्ध्या बाह्यांचा शर्ट त्याने कसाबसा चढवला आणि उघड्या बटणांनी उभा राहिला. ती आली. चेहऱ्यावरचा राग गेलेला नव्हता. काही न बोलता वरून बटणं लावायला लागली, भराभर, थोडी ओढूनच. चौथ्या बटणाशी कळलं की एक काजं चुकलंय. कॉलरची एक बाजू वर आली होती. तिने ‘च्’ केलं, सगळी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा लावली. मग किल्ल्या उचलल्या.

त्या आठवड्याच्या भेटीत त्याने हे सांगितलं ते असं: ‘राग होता. आणि बटणंही लावली.’ थोड्या वेळाने पुन्हा: ‘राग होता. हातात होता, कळत होता. आणि बटणंही लावली. दोन्ही एकाच वेळी.’

मी काही बोलले नाही. त्याने रडू आवरायचा प्रयत्न केला नाही. त्याच भेटीत त्याच्याकडून मापिका पुन्हा भरून घेतली. गुण 13.

माझं मत

प्रेम करणाऱ्याने गोड बोलत राहावं आणि ऐकणाऱ्याने हळूहळू ते मानावं, असा आपला समज असतो. इथे तसं झालं नाही. तीन वर्षांचं गोड बोलणं या माणसाच्या हिशेबी वाया गेलं होतं, कारण ‘हिने मला पूर्ण पाहिलेलं नाही, पाहील तेव्हा जाईल’ ही त्याची खात्री शाबूत होती. अशा खात्रीसमोर कौतुक जितकं मोठं तितकं ते खोटं ठरतं. त्या रात्री तिने त्याच्याबद्दलची एक अप्रिय आणि अचूक गोष्ट सांगितली, जी आईला, भावाला, पहिल्या बायकोला कधी दिसली नव्हती. दिसली असती तरी त्यांनी ती सांगितली नसती, त्यांचं काम होत होतं. म्हणजे हिने पाहिलंय. आणि पाहून, रागासकट, सकाळी ती शर्टाजवळ उभी आहे. त्यानंतर तिची आधीची वाक्यंसुद्धा त्याला मागे जाऊन खरी वाटू लागली. ‘घाई थांबते’ हे वाक्य त्याने पुढच्या भेटीत पुन्हा काढलं, या वेळी गजराशिवाय.

रॉजर्स यांच्या ‘विनाअट स्वीकारा’चा अर्थ पुष्कळदा ‘काही खुपू न देणं’ असा लावला जातो. या बाईला खुपत होतं. तिने ते लपवलं असतं तर मला नाही वाटत काही हललं असतं.

जोडीदार एकमेकांना घडवतात यावर ड्रिगोटस, रसबल्ट आणि सहकाऱ्यांचं 1999 मधलं काम प्रसिद्ध आहे. दगडात दडलेली मूर्ती शिल्पकार मोकळी करतो, तसा जोडीदार आपल्याला आपल्या आदर्श रूपाकडे नेतो, म्हणून या परिणामाला शिल्पकार मायकेलअँजेलोचं नाव दिलं आहे. प्रतिमा सुंदर आहे. पण या माणसाचं आदर्श रूप काय होतं? आणखी उपयोगी, न थकणारा, कुणाचं देणं नसलेला. तिने त्या दिशेने छिन्नी चालवली असती तर त्याने आनंदाने चालवू दिली असती. तिने नकार दिला, हे तिचं मोठं काम.

नंतरचं

यानंतर सगळं सुखाचं झालं अशी अपेक्षा मीही केली होती. आलं ते दुःख. आता आपल्याला असंही कुणी जवळ घेऊ शकतं, हे पटायला लागल्यावर, मग तेव्हा का नाही, हा प्रश्न येणारच. प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात तो एका भेटीत एकदम म्हणाला, ‘मी नऊ वर्षांचा होतो हो.’ जवळपास दोन महिने त्याने आईला फोन केला नाही. भावाने काही काम सांगितलं, त्याला ‘जमणार नाही’ म्हणाला आणि मग तीन रात्री झोपला नाही. बायकोला वाटलं आपण त्याला बिघडवलं. तिच्यासोबत एक भेट घेतली, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी घरात निदान नळ तरी चालू होते.’ तिघंही हसलो, पण ती दमलेली होती आणि तिला तसं म्हणायचा हक्क होता. आईशी बोलणं नंतर सुरू झालं. वडिलांबद्दल दोघं पहिल्यांदाच बोलली, औषधांच्या यादीपलीकडचं.

याच काळात मी दाराचा विषय काढला. त्या दिवशी मी तुम्हाला थांबवलं नाही, कारण मलाही सोयीचं होतं, असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘मला वाटलं होतं, आता तुम्ही मला सोडणार नाही.’

एकूण 26 भेटी, 14 महिने. शेवटी मापिकेवर गुण 19, म्हणजे आला तेव्हापेक्षा दोन कमी. नुसत्या आकड्यांवर गेलं तर माझ्याकडे येऊन माणूस बिघडला. ‘निरुपयोगी’च्या विधानावर त्याने या वेळी ‘सहमत’वर खूण केली, हलक्या हाताने, आणि म्हणाला, ‘कधीकधी असतोच की.’

काही तसंच आहे. आजारी पडला की तो अजूनही कडू होतो. भेटवस्तू उघडताना घाबरतो. एखादं काम हातात घेण्याआधी ‘करू का?’ विचारतो, आणि ‘नको’ आलं तर चेहरा क्षणभर पडतो. बायको म्हणते, तिला तो क्षण दिसतो, पण तिने आता त्याची समजूत काढणं सोडलं आहे.

शेवटच्या भेटीत मी एक प्रश्न विचारला, जो मलाच सतावत होता. हे सगळं तिच्यामुळे घडलं असेल, तर ती नसेल तेव्हा काय? पूर्वीच्या त्याच्याकडे या प्रश्नाला तयार आराखडा असता, क्रमांक घातलेला. तो खिडकीकडे पाहत बसला.

‘माहीत नाही,’ म्हणाला.

मग निघायला उठला. दार उघडताना बिजागरी पुन्हा करकरली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘तेल आहे का तुमच्याकडे?’

‘आहे. लावीन मी.’

‘लावा,’ म्हणाला आणि जिना उतरून गेला.